अकरा मिनिटं, चकार शब्द नाही

श्वास हळू घ्या! ...ऐकलंत? श्वास! म्हणजे बोलू नका होतं, ते समजलं. खोकू नका होतं, तेही समजलं. खिशातल्या किल्ल्या हॉटेलवर ठेवा, ठेवल्या. पण आता श्वास? अहो, मी काय नळ आहे का, चावी फिरवली की धार बारीक? आणि हे कुठे, तर युरोपात! एका तळ्याकाठी, सकाळी सात वाजता, थंडीने माझे दात एकमेकांवर टाइपरायटर बडवतायत, आणि माझी लग्नाची बायको कानावरचा हेडफोन अर्धा बाजूला करून अगदी शांतपणे सांगते, "अहो, तुमचा श्वास येतोय." येतोय म्हणजे? यायलाच पाहिजे ना! यायचा थांबला तर तुलाच धावाधाव करावी लागेल, बाई! पण मी काही बोललो का? चकार शब्द नाही! ...म्हणजे त्या क्षणी नाही. दोन मिनिटांनी बोललो. पण ते येईलच पुढे.

तुम्हाला सांगतो, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस उगाच बायकोच्या नावाने शंख करतोय. मी बस डेपोत वेळापत्रकं बनवायचो. एकतीस वर्षं! कुठली गाडी किती वाजता सुटते, कुठे किती थांबते, ड्रायव्हरने चहा कधी प्यायचा, सगळं मी ठरवायचो. गाड्या उशिरा यायच्या, ती गोष्ट वेगळी, पण माझं वेळापत्रक कधी उशिरा आलं नाही! आणि आमची ही रेडिओ केंद्रावर, ध्वनिमुद्रणाला. अठ्ठावीस वर्षं काचेच्या मागे बसून लोकांचे आवाज कमी-जास्त करायची. हिचे कान म्हणजे... काय सांगू, शेजारच्या खोलीत डास शिरला तर तो कुठल्या भिंतीवर बसलाय ते इथून सांगेल. असे कान, आणि नवरा कोण, तर मी! माझ्या सासुरवाडीला मला 'भोंगा' म्हणतात, मेव्हण्याने ठेवलंय नाव, आणि गंमत म्हणजे सासूबाईंनाही मान्य. ही म्हणते, "केंद्रावर बरं होतं, तिथे बटण होतं." घरी बटण नाही ना! चौतीस वर्षं शोधतेय बिचारी.

तर आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो आणि ठरवलं, युरोप बघायचा. टूरवाल्याबरोबर नाही हं. तो झेंडा धरून पुढे पळणार, आपण शाळेतल्यासारखे मागे, छे! मी असताना टूरवाला कशाला? एकतीस वर्षांचा अनुभव काय वाळत घालायचाय? बसलो मी. जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं, तीन महिने आम्ही ओट्याशी उभं राहून जेवलो. छत्तीस दिवस, नऊ मुक्काम, चौऱ्याऐंशी पानांची फाइल! गाड्या निळ्या शाईत, हॉटेलं हिरव्या, बघायची ठिकाणं लाल आणि विश्रांती काळ्या, म्हणजे काळी शाई फारशी वापरावी लागली नाही. सहा पंचावन्नला उठणे, सात पाचला चहा, सात चाळीसला दार ओढून घेणे. गाडी चुकली तर पुढची कुठली, पुढची चुकली तर त्याच्या पुढची कुठली. आमची कन्या म्हणाली, "बाबा, हे सगळं फोनमध्ये ठेवा ना." मी म्हटलं, बाळ, फोनची बॅटरी संपते. कागदाची बॅटरी संपल्याचं तू कधी ऐकलंस?

आणि केलं एवढं, तर चार लोकांना सांगायला नको? सांगितलं. आमच्या खालच्या मजल्यावर दंतवैद्य राहतात, त्यांना जिन्यात सांगितलं. ते जिन्याने यायचे बंद झाले, लिफ्टने यायला लागले, तर लिफ्टमध्ये सांगितलं. मग माझी दाढ दुखायला लागली. खरोखर दुखत होती हो! त्यांनी भूल दिली, माझ्या तोंडात दोन नळ्या, एक आरसा आणि कापसाचे बोळे घातले आणि निवांतपणे पक्कड शोधायला लागले... आणि मी त्या बोळ्यांमधून त्यांना अकराव्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंतचा कार्यक्रम सांगितला. ते म्हणाले, "तीस वर्षं दात काढतोय, पण भूल दिल्यावर जीभ चालणारा पेशंट पहिलाच."

मग एका संध्याकाळी मी फाइल हिच्यापुढे ठेवली. म्हटलं, वाच! हिने चष्मा लावला. पहिलं पान, दुसरं पान, आणि पर्समधून पेन्सिल काढून खट्‌, काट! "हे संग्रहालय नको." का? "संग्रहालयात आवाज कसला असतो? एसीचा." पुढचं पान, काट! "हा राजवाडा नको. गाइड ओरडतात." काट, काट! सतरा संग्रहालयं, सहा राजवाडे, माझ्या लाल शाईचा नुसता खाटीकखाना! मी म्हटलं, अगं, आपण युरोप बघायला चाललोय ना? तर काय म्हणावं हिने?

"तुम्ही बघा. मी ऐकते."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या पाठीमागे हिनेही एक यादी केलीय. चौऱ्याऐंशी पानं नाहीत, एकच चिठ्ठी. त्यावर लिहिलेलं, पाणी, पाखरं, पावलं, घंटा. बस्स! एवढ्यात युरोप संपला! आणि घंटेखाली दोन रेघा मारलेल्या.

त्या दोन रेघांचं कारण ऐका. हिच्या केंद्रावर नाटकं व्हायची. नाटकात परदेशातलं गाव आलं की मागे घंटा वाजवायची, आणि केंद्राकडे घंटेची टेप एकच. बावीस सेकंदांची! आणि बाविसाव्या सेकंदाला टेपमध्ये कुणीतरी खोकतं. कोण, कुठला, पन्नास वर्षांपूर्वीचा कुठला सर्दीवाला, देव जाणे. अठ्ठावीस वर्षं ही एकविसाव्या सेकंदाला तो खोकला कापत आली. "मला एकदा," ही म्हणाली, "एकदा तरी घंटा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचीय. विरेपर्यंत. मध्ये कुणी न खोकता." आणि बोलता बोलता माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे का? मी काय पन्नास वर्षांपूर्वी तिथे होतो?

तर तिने चौकशी करून ठेवली होती. एका नदीकाठच्या छोट्या गावात एक मनोरा, त्यात पाच घंटा. रोज एकच वाजते, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी बारा वाजता पाचही, लहानीपासून थोरलीपर्यंत, अकरा मिनिटं. आमच्या छत्तीस दिवसांत असा रविवार एकच, बाविसावा दिवस. आणि हिने पत्र पाठवलं तर उलट उत्तर आलं, या रविवारनंतर मनोरा दुरुस्तीला बंद, तीन वर्षं! म्हणजे संधी एक. अकरा मिनिटांची. मी काही बोललो का? चकार शब्द नाही. निमूट फाइल घेतली, सगळा मार्ग वाकवला आणि बाविसाव्या दिवशी ते गाव बसवलं. वेळापत्रकात न बसणारी गोष्ट मी आयुष्यात ठेवली नाही!

निघालो. विमानतळावरच पहिली तऱ्हा. हिच्या माइकला वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून एक केसाळ टोपडं असतं, राखाडी, झुबकेदार. तपासणीवाल्या बाईने बॅग उघडली आणि दोन पावलं मागे सरकली. "हे जिवंत आहे का?" ही म्हणते, "नाही." त्या बाईचा चेहरा आणखीच पडला. "मग मेलंय?" मला हसू आवरेना, मी म्हटलं, बाई, हे आमचं लाडकं आहे, चावत नाही, फक्त ऐकतं! त्या बाईने आम्हाला चाळीस मिनिटं बाजूला बसवलं. चाळीस मिनिटांत ही माझ्याशी एक वाक्य बोलली. "बघितलंत, बोलल्याने काय होतं?"

आणि मग नियम सुरू झाले. मी खास युरोपसाठी नवीन रेनकोट घेतला होता, तो हात हलवला की चर्र, पाय उचलला की चर्र, तर रेनकोट बंद! थंडी वाजली तर? "स्वेटर घाला, लोकर बोलत नाही." डाव्या बुटाचा तळ कुईं करायचा, तर रेकॉर्डिंगच्या आधी बूट काढा! आणि प्रत्येक वेळी माइक लावण्याआधी मला दोन बिस्किटं द्यायची. मला वाटलं, वा, नवऱ्याची काय काळजी! काळजी कसली, माझं पोट गुरगुरतं ते टेपमध्ये येतं म्हणून! मी भुकेसाठी नाही, शांततेसाठी जेवत होतो. फोटो काढायची सोय नाही, कारण क्लिक होतं. आवाज बंद करून काढ म्हणाल, तर मी फोटो काढताना "हं... हं... आलं" असं म्हणतो म्हणे. मला माहीतच नव्हतं! चौतीस वर्षांत मला माझ्याबद्दल कळलं नाही तेवढं त्या पहिल्या आठवड्यात कळलं.

ते तळं मी मघाशी म्हटलं ना, तिथे पहिला घात झाला. पहाटे उठून, अंधारात चालून, आम्ही पाण्याचा आवाज घ्यायला गेलो. ही माइकशी तोंड नेऊन रेडिओच्या आवाजात म्हणते, "तळ्याचा पूर्व काठ. सकाळचे सात. वारा नाही." आणि डोळे मिटून बसली. एक मिनिट, दोन मिनिटं. पाणी काठाला हळूच लागतंय, चुळुक... चुळुक... आणि श्वासाचं ते मघाशी सांगितलं ते झालं, मी श्वासही आवरला, आणि तेवढ्यात बोरूच्या झुडपातून एक बदक बाहेर आलं, त्याच्या मागे एक पिल्लू, त्याच्या मागे दुसरं, तिसरं... नऊ! नऊ पिल्लं एका ओळीत, एकात आणि दुसऱ्यात सारखं अंतर, अहो, असं वेळापत्रक मला एकतीस वर्षांत जमलं नाही! तुम्ही गप्प बसला असतात? माझ्या तोंडून गेलं, "अगं बघ, नऊ मिनिटांच्या अंतराने सोडल्यासारखी!"

हिने डोळे उघडले. माइक बंद केला. बदकंही गेली.

बरं, ते एक सोडा. खरं कांड झालं स्टेशनवर. एकोणिसाव्या दिवशी. केवढं स्टेशन, वर काचेचा घुमट, आणि खाली हजार माणसांच्या पावलांचा असा एक आवाज घुमतोय की काय सांगू... हिने खांबाला टेकून माइक धरला. "पावलं. मोठं दालन." चिठ्ठीतली तिसरी गोष्ट. मी बाजूला उभा, दोन बिस्किटं पोटात, बूट हातात, आदर्श नवरा! आणि माझं लक्ष गेलं गाड्यांच्या फलकावर. आमची गाडी चार नंबरवर. आणि बघता बघता त्या चारचे अकरा झाले! गाडी सुटायला सहा मिनिटं, आणि आमच्याच गाडीची माणसं, म्हातारेकोतारे, बायाबापड्या, चार नंबरवर बाकांवर बसलेली, कुणाचं वर लक्ष नाही! आता मला सांगा, तुम्ही आयुष्यभर वेळापत्रक बनवलंय, तुमच्या डोळ्यांदेखत फलाट बदललाय, आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून उभे राहाल? मी ओरडलो. मराठीत ओरडलो हो! "फलाट बदललाऽऽय! अकरा नंबर! अकराऽऽ!" आणि वर हाताने दाखवलं. घुमट असा, की माझा 'अकरा' तीनदा परत आला. लोकांना भाषा कळली नाही, पण बोट कळलं. चाळीस माणसं उठली, पळाली, एका आजीबाईंची बॅग मी उचलली, बूट बगलेत, मोज्यांवर धावतोय, आणि सगळ्यांना गाडी मिळाली! आजीबाईंनी माझ्या गालाला हात लावला. माझी छाती ही एवढी झाली!

आणि मग समोरच्या सीटवर हिचा चेहरा दिसला.

दोन दिवस अबोला. तुम्हाला कल्पना नाही, जी माणसं कमी बोलतात त्यांचा अबोला फार मोठ्याने ऐकू येतो. मी पहिल्या दिवशी बोलून बघितलं, दुसऱ्या दिवशी विनोद करून बघितला, शेवटी एकविसाव्या दिवशी, त्या नदीकाठच्या गावाकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत, मी नुसतं म्हटलं, "एवढं काय गं? एक रेकॉर्डिंग गेलं तर गेलं. परत येऊ की."

ही खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "परत आलो तर मला ऐकू येईल का?"

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाली, "निघायच्या आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. वरचे सूर कमी होत चाललेत. डावा कान जास्त. हळूहळू होईल म्हणाले, घाई नाही. पण थांबणारही नाही." मग माझ्याकडे वळून, जसं काही माझीच समजूत घालतेय, "तुमचा आवाज येत राहील हो. तुमचा खालच्या पट्टीत आहे."

...

तो डास कुठल्या भिंतीवर बसलाय सांगणारे कान... आणि ही बाई एकटी डॉक्टरकडे जाऊन आली, मला का नाही सांगितलं? तर मी त्या दिवशी खाली दंतवैद्यांना बाविसावा दिवस समजावून देत होतो! त्या गाडीत पुढची पंचावन्न मिनिटं मी काही बोललो नाही. कुणी सांगितलं म्हणून नाही. आतूनच काही येईना.

आणि उजाडला रविवार. बाविसावा दिवस!

मनोऱ्याचा घंटावाला आम्हाला खालीच भेटला. सत्तरीचा, मिशा अशा की त्यात वाटी लपेल. आम्हाला त्याची भाषा येत नाही, त्याला आमची येत नाही, पण हिने आपल्या कानाला हात लावला, त्याने आपल्या कानाला हात लावला, झालं, दोघांची ओळख पटली! मी बाजूला आहेच. त्याने आम्हाला नदीच्या काठावर एक जागा दाखवली, दगडी पायऱ्या, शेजारी छातीएवढा कठडा, इथे पाचही घंटांचा आवाज पाण्यावरून सरळ येतो म्हणे. आणि जाताना तो म्हातारा वळला, माझ्यापाशी आला आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं! मला! ओळख पाच मिनिटांची! काय, माझ्या तोंडावर लिहिलंय की काय? पण मी काही बोललो का? चकार शब्द नाही! मान डोलावली.

अकरा बावन्न. बिस्किटं दोन, आणि माझी मी आणखी दोन. बूट काढले. किल्ल्या नाहीत, सुटी नाणी नाहीत, नाक आधीच शिंकरून घेतलं. फाइल बगलेत होती, तिचं प्लॅस्टिक कडकड वाजतं, म्हणून चार पावलं पलीकडे कठड्यावर ठेवली, आणि परत माझ्या दगडावर येऊन उभा राहिलो. मध्ये सगळी बारीक खडी. ही माइकशी वाकली. "नदीकाठ. दुपारचे बारा. वारा थोडा." डोळे मिटले.

आणि पहिली घंटा झाली. लहानी. टिणऽ... काय सांगू तुम्हाला, पाण्यावर कुणी चांदीचा चमचा ठेवावा तसा आवाज. मग दुसरी. मग तिसरी तिच्यात मिसळली. मी हिच्याकडे बघत होतो. हिची मान किंचित हलत होती, उजवा कान जरा पुढे. आणि तिसऱ्या मिनिटाला, वारा थोडा म्हणाली होती ना, तो थोडा वारा आला... आणि माझ्या फाइलीचं कव्हर उघडलं.

मी बघितलं. फाइलीने माझ्याकडे बघितलं.

तीन महिने! चौऱ्याऐंशी पानं! अजून चौदा दिवस बाकी, चार हॉटेलं, सहा गाड्या, सगळी आरक्षणं त्या फाइलीत! पासपोर्ट तेवढे हिच्या गळ्यात. दुसरी झुळूक आली, फाइल कठड्यावर एक वीत सरकली. चार पावलं हो! चार पावलं टाकली की हातात! पण खडी. खर्र, खर्र, खर्र, खर्र! चार पावलांत पाच घंटांची माती. ओरडलो तर बोलायलाच नको. नुसता हात लांब केला तर पुरेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! वर चौथी घंटा सुरू झाली, हिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि फाइल अर्धी हवेत, अर्धी कठड्यावर, अशी डुलतेय... मी मनात म्हटलं, बये, थांब, अजून सात मिनिटं थांब, आयुष्यात एक तरी गोष्ट माझ्या वेळापत्रकाप्रमाणे होऊ दे!

गेली.

पलीकडे गवताचा उतार होता, त्यावरून घसरत पाण्यात गेली, आणि तुम्हाला सांगतो, आवाज नाही! माझी फाइल, पण तीसुद्धा गप्प गेली! नदीत ती उघडली, आणि माझी पानं एकेक करून निघाली... निळ्या गाड्या चालल्या, त्यांच्या मागून हिरवी हॉटेलं चालली. तेविसावा दिवस एका हंसाने चोच मारून बघितला, त्याला आवडला नाही. आणि मी? तोंडावर दोन्ही हात, दातांत स्वेटरची बाही, कपाळाला घाम, पायाखाली दगड असा गार की तळवे बधिर, छातीत नुसता ढोल वाजतोय आणि मला भीती कसली, तर तो ढोल टेपमध्ये येतोय की काय! आणि मग पाचवी घंटा झाली. थोरली. ती कानाने नाही ऐकू येत, ती पायातून येते. पोटात येते. त्या एका ठोक्याला, खरं सांगतो, मी फाइल विसरलो. इतकं मोठं काही वाजत असताना आपण बोलायचं नसतं, हे मला बासष्टाव्या वर्षी त्या दगडावर कळलं.

अकरा मिनिटं! मी! अकरा मिनिटं! आणि शेवटचा ठोका संपला तरी ही उठेना, त्याचा घुमारा विरतोय, विरतोय, अजून विरतोय... वर आणखी चाळीस सेकंद! मग तिने माइकशी तोंड नेलं. "समाप्त."

आणि उडी मारली हो! साठ वर्षांची बाई, लहान मुलीसारखी! "अहो, झालं! स्वच्छ! एक डाग नाही, एक खरखर नाही, शेवटपर्यंत मिळालं!" आणि मग माझं तोंड बघितलं, लालबुंद, बाही दातांत. "काय झालं? फाइल कुठेय?"

मी नुसतं बोट दाखवलं. लांब, पुलाच्या कमानीखालून माझा छत्तिसावा दिवस चालला होता.

हिने नदीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली... लक्ष द्या हं, चौतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा आलं... म्हणाली, "अहो, मग बोलला का नाहीत?"

बोलला का नाहीत! मला! मी तिथेच त्या पायरीवर बसलो आणि जे हसायला लागलो, तीही बसली, आणि आम्ही दोघं इतके हसलो की तो मिशाळ म्हातारा मनोऱ्यातून खाली आला, त्याने नदी बघितली, पानं बघितली, आणि माझ्यासमोर टोपी काढली. टोपी! डोक्यावरून काढून, छातीशी धरून!

मग ही म्हणाली, "आता पुढे काय? चौदा दिवस? कुठली गाडी, कुठलं हॉटेल?" आणि मी उभा राहिलो. म्हटलं, कागद गेला म्हणून काय झालं? मी हे जिन्यात सांगितलंय, लिफ्टमध्ये सांगितलंय, न्हाव्याच्या खुर्चीत सांगितलंय, तोंडात बोळे असताना सांगितलंय! तेविसावा दिवस, आठ वाजून चार मिनिटं, फलाट दोन, खिडकीची जागा! म्हणालो आणि गेलो, गाडी आठ वाजून चार मिनिटांनी, फलाट दोन! हॉटेलच्या काउंटरवरचा गृहस्थ म्हणे, "आरक्षणाचा कागद?" मी म्हटलं, घ्या लिहून, आणि आठ आकडी क्रमांक घडाघडा म्हणून दाखवला. त्याने एकेक आकडा दाबला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि किल्ली पुढे केली. चारही हॉटेलं! सहाही गाड्या! एक आकडा चुकला नाही! आणि मी म्हणत असताना ही शेजारी उभी. एकदाही "हळू बोला" म्हणाली नाही. एका हॉटेलात तर तो माणूस घाईत होता, तर हीच म्हणाली, "थांबा, त्यांना पूर्ण सांगू दे."

अशी फिरून आली वरात, छत्तीस दिवसांची, वेळेवर! घरी आल्यावर हिने सगळ्यांना ऐकायला बोलावलं. कन्या, जावई, खालचे दंतवैद्य, आणि हिच्या केंद्रावरचे जुने मुख्य अभियंते. हे गृहस्थ असे की त्यांनी आयुष्यात कुणाला 'बरं' म्हटलेलं नाही. ही दिवे मंद करते, स्पीकर लावते आणि अकरा मिनिटं... टाचणी पडली तर ऐकू आली असती. थोरल्या घंटेला कन्येने माझा दंड घट्ट धरला. संपलं, विरलं, चाळीस सेकंदांसकट. अभियंते उठून स्पीकरपाशी गेले. मग म्हणाले, "असं शुद्ध ध्वनिमुद्रण मी माझ्या नोकरीत ऐकलं नाही. वहिनी, एकट्याच गेला होतात ना?"

ही म्हणाली, "हे होते बरोबर."

"गावात असतील. मी तिथलं विचारतोय, नदीवर."

"नदीवरच. माझ्या शेजारी. अनवाणी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग परत हिच्याकडे. "वहिनी, चेष्टा करू नका." दंतवैद्य म्हणाले, "शक्यच नाही! मी यांना भूल देऊन बघितलंय!" बघा आता! माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम, आणि पुरावा दाखवायचा कसा? मी तिथे नव्हतो असं वाटतं, हाच पुरावा! पण हिने सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "ही अकरा मिनिटं निम्मी यांची आहेत." एवढंच. रेडिओच्या आवाजात नाही. तिच्या आवाजात.

आणि मग कन्या म्हणाली, "बाबा, आईचं ऐकलं, आता तुम्ही सांगा. काय काय बघितलंत?"

बघितलंत! छत्तीस दिवसांनी कुणीतरी मला विचारलं! मी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला, म्हटलं, ऐका, पहिला दिवस, सहा पंचावन्नला उठणे, सात पाचला चहा... आणि सहज बाजूला बघतो तर हिने शांतपणे हेडफोन कानावर चढवला होता, डोळे मिटले होते, मान अशी तालात डोलत होती, चेहऱ्यावर काय ते समाधान! मला वाटलं, परत घंटा ऐकतेय. चांगलं आहे. मी आपला पुढे बोलत राहिलो... चौथ्या दिवसापर्यंत आलो, श्वास घ्यायला थांबलो, तशी हिची मानही थांबली, तेव्हा लक्ष गेलं. हेडफोनची वायर कशालाच लावलेली नव्हती.